सव्वा महिना कुठून मोजायचा?

गणपतीचा नववा दिवस, रात्रीचे साडेअकरा. देखावे बघायला लोटलेल्या गर्दीतून वाट काढत करवीर तालुक्यातल्या एका गावाची गाडी आमच्या रुग्णालयाच्या दारात थांबली. पुढून आजोबा उतरले, मागून आजी. बाळ तिच्या पदराखाली होतं आणि ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "निळं पडलं वो बाई, दूध पिता पिता निळं पडलं."

मुलगा, वय ४६ दिवस, वजन २ किलो ७४० ग्रॅम. जन्म आमच्याकडचाच, ३३ आठवड्यांना, म्हणजे दिवस भरायच्या सात आठवडे आधी. तेव्हाचं वजन १ किलो ७८०. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

आजार आम्हा बालरोगवाल्यांच्या रोजच्यातला निघाला, ब्रॉन्किओलायटिस, म्हणजे फुफ्फुसातल्या बारीक श्वासनळ्यांची सूज. पावसाळा सरता सरता आमचा अर्धा वॉर्ड त्यानेच भरलेला असतो. तरी हे प्रकरण सविस्तर लिहायला घेतलं, कारण दुसऱ्या दिवशी बाळाच्या आईने एक प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर देताना मला माझ्याच कागदपत्रांतली एक चूक सापडली. प्रश्न साधा होता. "थोरल्याला नुसता शेंबूड, आन् ह्याला ऑक्सिजन? एकाच घरात, एकच सर्दी, मग असं का?"

पहिली रात्र

रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ८४. सिस्टरने घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले, ७२ भरले. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६० किंवा त्याहून जास्त म्हणजे जलद श्वास. पण आकड्याआधीच पोट सांगत होतं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडायचा, पोट वर उडायचं आणि नाकपुड्या फुलायच्या. मधेच सगळं थांबायचं. आठ सेकंद, दहा सेकंद. आजीचा हात माझ्या मनगटावर घट्ट व्हायचा, मग सिस्टर बाळाच्या तळपायाला टिचकी मारायची आणि ते पुन्हा श्वास घ्यायचं.

एक्स-रेमध्ये दोन्ही फुफ्फुसं फुगलेली, उजवीकडे वर थोडी सावली. रक्तातल्या पेशी ठीक, सूज दाखवणारी सीआरपी नगण्य. नाकातला स्वाब आरएसव्हीला पॉझिटिव्ह आला. हा विषाणू १९५६ साली आधी चिंपांझींच्या सर्दीत सापडला आणि पुढच्याच वर्षी तान्ह्या मुलांत. दोन वर्षांची होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतो.

उपचार सांगायला गेलं तर फारच थोडे. नाकातून गरम, दमट, जोराच्या झोताने ऑक्सिजन. नाक साफ करणं. तोंडातून नळी घालून आईचं काढलेलं दूध, थोडं थोडं. आणि नजर. दोन महिन्यांच्या आतलं, श्वास थांबणारं बाळ म्हणून पहिल्या रात्री अँटिबायोटिक सुरू केलं होतं. ४८ तासांनी रक्ताचं कल्चर स्वच्छ आलं तेव्हा बंद केलं. इथे घरात कुरबूर झाली. औषध वाढवणारा डॉक्टर खरा वाटतो, बंद करणारा नाही. मामा म्हणाला, "मग वाफ तरी द्या, स्टिरॉइड तरी द्या." दोन्हींचा या आजारात उपयोग होत नाही, हे त्याला पटवायला अर्धा तास गेला. पटलं की नाही, ते माहीत नाही. तो चहा प्यायला खाली गेला.

तिसऱ्या दिवशी बाळ सगळ्यात जास्त दमलं, चौथ्या दिवसापासून उतार पडला, सातव्या दिवशी ऑक्सिजन सुटला आणि नवव्या दिवशी घरी गेलं. वैद्यकीय बाजू एवढीच.

सव्वा महिन्याचा पहारा

बाळंतपण माहेरी झालं होतं. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, १८ दिवस राहून बाळ घरी आलं आणि आजीने खोली लावून घेतली. सव्वा महिना होईपर्यंत बाहेरच्याला आत प्रवेश नाही. बारसंसुद्धा पुढं ढकललं. शेजारणींनी उंबऱ्यातूनच बघायचं. आम्ही डॉक्टर मंडळी जुन्या चालींवर नाक मुरडतो, पण या एका चालीला मी कधी हरकत घेतलेली नाही. तान्ह्यापाशी माणसं कमी आली की विषाणूही कमी येतात.

सव्वा महिना म्हणजे साधारण ३८ दिवस. ते नेमके गणेश चतुर्थीला भरले. आदल्या दिवशी बाळाचे वडील थोरल्याला घेऊन इचलकरंजीहून आले. ते यंत्रमागावर कामाला, आणि थोरला चार वर्षांचा, बालवाडीतला, नाकाला धार लागलेला. त्याने पाच आठवडे भाऊ फक्त मोबाईलवर पाहिला होता. आल्या आल्या त्याने त्याच्या गालाचा मुका घेतला. मग गौरी आल्या, हळदीकुंकू झालं, बाळ चार मांड्यांवरून फिरलं. सहाव्या दिवशी नाक बंद, आठव्या दिवशी दूध कमी, नवव्या रात्री निळं.

आजीने पहारा चोख केला होता आणि मोजलेल्या दिवशीच उठवला होता. आमच्या डिस्चार्ज कार्डावरही तेच होतं, माझ्याच अक्षरात: "सव्वा महिना गर्दी टाळा." कुठल्या दिवसापासून, ते मी लिहिलंच नव्हतं. लिहायला सुचलंही नव्हतं.

आता हिशेब करा. ३३ आठवड्यांना जन्म, त्यावर ४६ दिवस. म्हणजे दाखल झालं त्या रात्री त्या बाळाचे, गर्भाच्या हिशेबाने, ३९ आठवडे आणि चार दिवस झाले होते. नऊ महिने भरायला अजून तीन दिवस बाकी होते. वेळेवर जन्मायचं असतं तर त्या रात्री ते आईच्या पोटात असतं.

मळी काढणारा

आईच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी बसले ती आजोबांमुळे. हे गृहस्थ तीस वर्षं गुळव्या होते, म्हणजे गुऱ्हाळात काहिलीपाशी उभा राहून रस कधी उतरवायचा ते ठरवणारा माणूस. हंगाम दसऱ्यानंतरचा, त्यामुळे तेव्हा मोकळे होते आणि रोज वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेले असायचे.

फुफ्फुसात शेवटी द्राक्षाच्या घडासारखे वायुकोश असतात. त्यांना आतून एक पातळ थर असतो, सर्फॅक्टंट. साबणासारखा. तो नसला तर कोश मिटून एकमेकांना चिकटतात. कमी दिवसांच्या बाळांचा श्वास याच थरावाचून अडतो, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवलं. हा थर भिंतीतल्या टाईप-२ नावाच्या पेशी बनवतात, सतत. सतत बनतो म्हटल्यावर वापरून झालेला कुणीतरी सतत काढलाही पाहिजे. ते काम वायुकोशात फिरणाऱ्या मॅक्रोफेज पेशींचं. मॅक्रोफेज म्हणजे मोठ्या खादाड पेशी. मेचनिकॉफने १८८२ साली सिसिलीत अशा खादाड पेशी प्रथम ओळखल्या आणि १९०८ चं नोबेल त्याला पॉल एर्लिखबरोबर विभागून मिळालं. शाळेच्या पुस्तकात या पेशी जंतू खातात एवढंच असतं. फुफ्फुसातल्या खादाड पेशीचा बहुतेक दिवस मात्र असल्या घरकामात जातो: जुना सर्फॅक्टंट गिळायचा, मेलेल्या पेशी उचलायच्या, धुळीचा कण गपचूप आत घ्यायचा. आणि हे सगळं आरडाओरडा न करता. वायुकोशाची भिंत इतकी पातळ की तिथे सूज आली तर जंतूंपेक्षा सुजेनेच माणूस गुदमरेल.

आजोबा ऐकत होते. म्हणाले, "म्हंजी मळी काढणारा."

मला याहून चांगली उपमा आजवर मिळालेली नाही. काहिलीत रस तापला की वर मळी येते, भेंडीचं पाणी टाकलं की ती गोळा होते, आणि ती वेळेवर काढली नाही तर गूळ काळा पडतो. "आन् मळी काढणाऱ्याला घाई चालत न्हाई," ते म्हणाले, "ढवळाढवळ केली की मळी परत रसात."

मळी काढणाराच नसला तर काय होतं, हे १९९४ साली योगायोगाने कळलं. जीएम-सीएसएफ नावाचा एक प्रथिन-निरोप आहे. तो रक्तपेशी वाढवतो असं तोवर मानलं जायचं. दोन संशोधन-गटांनी हा निरोपच बनवू न शकणारे उंदीर तयार केले, बहुधा रक्तात काहीतरी बिघाड दिसेल या अपेक्षेने. रक्त जवळजवळ ठीकच होतं. फुफ्फुसं मात्र सर्फॅक्टंटने तुडुंब भरली होती. पुढे १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की मोठ्या माणसांत अगदी असंच फुफ्फुस भरतं त्या दुर्मीळ आजारात शरीर स्वतःच जीएम-सीएसएफविरुद्ध प्रतिपिंडं करत असतं.

आणि हा निरोप देतं कोण? मुख्यतः भिंतीतल्या त्याच टाईप-२ पेशी. जी रस ओतते, तीच मळी काढणाऱ्याला घडवते. मला स्वतःला या व्यवस्थेचं फार कौतुक वाटतं.

उंदरांत त्याचा क्रम २०१३ पासून पुढच्या काही वर्षांत बराचसा स्पष्ट झाला. गर्भाच्या यकृतात तयार झालेल्या मोनोसाइट नावाच्या कच्च्या पेशी जन्माच्या थोड्या आधी फुफ्फुसात येऊन बसतात. त्या तेव्हा मॅक्रोफेज नसतात. जन्माच्या सुमाराला भिंतीकडून जीएम-सीएसएफ येतो, त्याने त्यांच्यात पीपीएआर-गॅमा नावाचा एक स्विच चालू होतो, आणि मग त्यांना सर्फॅक्टंटमधली चरबी पचवता येऊ लागते. टीजीएफ-बीटा नावाचा दुसरा निरोपही लागतो. आठवडाभरात त्या पक्क्या होतात. त्यानंतर निरोगी उंदरात रक्तातून नवी भरती फारशी होत नाही. पहिल्या आठवड्यात जे बसले तेच जागच्या जागी दुणावत आयुष्यभर पुरतात. माणसात इतकं सरळ नाही. फुफ्फुस बदललेल्या रुग्णांत काही अभ्यासांना वर्षानुवर्षं दात्याच्या पेशी सापडल्या, तर काहींना बहुतेक पेशी रक्तातून आलेल्या, घेणाऱ्याच्या निघाल्या. पण जन्मल्यानंतर त्या वायुकोशात जाऊन पक्क्या होतात, हा मुद्दा दोन्हीकडे तोच.

दोन घड्याळं

इथवर आल्यावर मला माझी चूक दिसली.

जन्माबरोबर सुरू होणारं एक घड्याळ आहे. पहिला श्वास घेतला की वायुकोश ताणले जातात, आत भरलेलं पाणी ओसरतं, आणि भिंतीतल्या पेशी आयएल-३३ नावाची हाक देतात. त्या हाकेने आयएलसी-२ नावाच्या पेशी जमतात आणि कोवळ्या मॅक्रोफेजांना शांत, सोशिक वळण लावतात. व्हिएन्नाच्या एका गटाने हे २०१७ मध्ये उंदरांत दाखवलं, आणि त्याची किंमतही दाखवली: हे सोशिक मॅक्रोफेज न्यूमोकॉकससारख्या जंतूपुढे उशिरा हलतात. त्याआधी, २०१४ मध्ये, लोझानच्या गटाने दाखवलं होतं की जन्मल्यावर दोन आठवड्यांत फुफ्फुसात जे सूक्ष्मजीव वस्तीला येतात, त्यांच्यामुळे पुढे घरातल्या धुळीला न चिडण्याची सवय लागते. ही सगळी शिकवणी हवा आत आल्यावरच सुरू होते. बाळ ३३ आठवड्यांना आलं की तीही ३३ व्या आठवड्याला सुरू होते, इमारत तयार असो वा नसो.

दुसरं घड्याळ गर्भाचं. ते जन्माने पुढे सरकत नाही. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं नाळेतून जातात ती बहुतांशी शेवटच्या तीन महिन्यांत. २८ ते ३२ आठवड्यांना बाळाकडे आईच्या साधारण निम्मी असतात, पूर्ण दिवसांनी आईइतकी किंवा जास्त. मिळालेला हा साठा तीनेक आठवड्यांत अर्धा होतो. आमच्या बाळाचा ढोबळ हिशेब मी आईला कागदावर मांडून दाखवला: निम्म्यापासून सुरुवात, तीन आठवड्यांनी पाव, सहा आठवड्यांनी एक अष्टमांश. आणि सहाव्या आठवड्यातच थोरल्याने मुका घेतला.

श्वासनळ्यांची रुंदी, वायुकोशांची संख्या, टाईप-२ पेशींची तयारी हीही याच घड्याळावर चालतात. २००४ मध्ये सहा प्रौढ फुफ्फुसांत वायुकोश मोजले तेव्हा सरासरी ४८ कोटी भरले. पूर्ण दिवसांचं बाळ त्यातले काही कोटीच घेऊन येतं, बाकीचे मुख्यतः पहिल्या दोनतीन वर्षांत तयार होतात. ३३ आठवड्यांना खरे वायुकोश जेमतेम सुरू झालेले असतात, पिशव्यांची अवस्था म्हणतात ती. गंमत अशी की उंदीर पूर्ण दिवस भरून जन्मतो तोच या पिशव्यांच्या अवस्थेत. म्हणून उंदरातला "जन्मानंतरचा पहिला आठवडा" माणसाच्या पूर्ण दिवसांच्या बाळावर जसाच्या तसा बसवता येत नाही. कमी दिवसांच्या बाळाच्या फुफ्फुसाशी त्याची तुलना जास्त जवळची.

बाळाच्या आईला कळा सुरू झाल्या तेव्हा डेक्सामेथासोनच्या चार इंजेक्शनांपैकी दोनच देऊन झाली होती. ही इंजेक्शनं टाईप-२ पेशींना घाई करायला लावतात. लिगिन्स आणि हाउई यांनी न्यूझीलंडमध्ये १९७२ साली अशा स्टिरॉइडचा गुण दाखवला, आणि २०१४ पासून आपल्याकडे उपकेंद्रातली परिचारिका, एएनएमसुद्धा २४ ते ३४ आठवड्यांच्या आत कळा आल्या तर पहिला डोस देऊ शकते. दोन डोस मिळाले म्हणून बाळाचं सीपॅपवर, म्हणजे नाकातून सतत दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर, दोन दिवसांत भागलं, असं मला वाटतं. सिद्ध करू शकत नाही.

त्या रात्री बाळाच्या मॅक्रोफेजांची अवस्था काय होती, हेही कुणी मोजलं नाही. तसं बघायचं तर फुफ्फुसात नळी घालून, पाणी सोडून, ते परत खेचावं लागतं, आणि धाप लागलेल्या अडीच-पावणेतीन किलोच्या बाळाला उत्सुकतेपोटी तसं करणं हा गुन्हा होईल. उंदरांत मात्र दिसलंय की या पेशी आधी काढून टाकल्या तर आरएसव्हीचा मुक्काम वाढतो आणि आजारही. विषाणू आल्यावर इंटरफेरॉन या विषाणूविरोधी निरोपाची पहिली दवंडी पिटणाऱ्यांत याच पुढे असतात, आणि कोवळ्या वयात ती दवंडी क्षीण असते.

तरी सगळा भार पेशींवर टाकू नये. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा १६ पट वाढतो. चार वर्षांच्या मुलाच्या नळीत थोडा शेंबूड साचला तर तो शिंकरतो. तेवढाच शेंबूड तान्ह्याची बारीक नळी बुजवतो. शिवाय थोरल्याला आरएसव्ही आधी भेटून गेलेला असणार. त्याच्या फुफ्फुसात त्या भेटीची आठवण ठेवणाऱ्या टी पेशी मुक्कामाला असतात. तान्ह्याच्या फुफ्फुसातल्या टी पेशी बहुतेक कोऱ्या पाटीच्या. लहान मुलांच्या श्वासनळ्यांलगत बी पेशींचे छोटे अड्डे बसतात, प्रतिपिंडं तिथेच तयार करायला शिकतात, आणि तीनेक वर्षांनंतर ते अड्डे मोडतात. थोरला त्या शाळेतून पास होऊन बाहेर पडलेला, धाकट्याचं अजून नाव घालायचं होतं.

आई एवढंच म्हणाली, "म्हणजे माझं काही चुकलं नाही." मी नाही म्हणाले. मग तिने विचारलं, "आणि आईचं?"

धुरी

आजीचं म्हणजे धुरीचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं होतं, बाळाला धुरी देता का. देत होत्या. रोज संध्याकाळी आंघोळीनंतर शेगडीत निखारे, त्यावर ओवा, शेपा, लसणाची सालं, कडुनिंबाचा पाला. आईची बाज वर, शेगडी खाली, खिडकी बंद. बाळ त्या धुरावर दोन्ही हातांनी धरायचं, आधी पाठीवरून, मग छातीवरून. खोलीत एकमेकांचं तोंड दिसेनासं व्हायचं.

मी चिडले. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "आजी, तुम्ही त्याची फुफ्फुसं धुरवलीत." त्या गप्प झाल्या. थोड्या वेळाने भिंतीकडे बघत म्हणाल्या, "तीन लेकरं ह्याच धुरीत वाढवली मी. ह्याची आय बी." मग दोन दिवस त्या वॉर्डात आल्याच नाहीत. बाकावर आजोबांशेजारीही नव्हत्या.

धूर वाईट आहे, यात शंका नाही. मलावीत लाकूडफाट्यावर स्वयंपाक करणाऱ्या माणसांच्या मॅक्रोफेजांत काजळी साठलेली सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. मळी काढणाऱ्याचं भांडंच काळ्याने भरून जातं. पण या बाळाच्या आजाराचं कारण धूर, असं मी कशाच्या आधारावर म्हणाले? अलीकडे एका मोठ्या चाचणीत ग्वाटेमाला, पेरू, रवांडा आणि आपल्या तमिळनाडूतल्या मिळून सुमारे ३,२०० गरोदर स्त्रियांपैकी निम्म्या घरांना गॅस दिला. स्वयंपाकघरातला धूर खूप घटला. तान्ह्यांतला तीव्र न्यूमोनिया मात्र त्या प्रमाणात घटला नाही, फरक सिद्ध करण्याइतका निघाला नाही. चूल बंद करायची इतरही शंभर कारणं आहेत. पण एका बाळाच्या एका आजाराचं बोट धुराकडे दाखवायचं तर हा निकाल आड येतो. विषाणू भावाने आणला, प्रतिपिंडं कमी पडली, नळ्या बारीक होत्या. या सगळ्यात धुरीचा वाटा किती, हे मला सांगता येत नव्हतं. तरी मी सांगून टाकलं होतं, आणि माझ्या हातच्या कार्डातली उणीव मात्र तेव्हा मला दिसलेली नव्हती.

चौथ्या दिवशी, बाळ जरा सावरल्यावर, आजोबांना सांगून त्यांना बोलावून घेतलं. माफी मागितली ती कार्डाबद्दल. तुम्ही सव्वा महिना नेमका पाळलात, मोजायला सुरुवात कुठून करायची ते मी सांगायला हवं होतं, असं म्हणाले. धुरीबद्दलही बोलले, पण वेगळं: निखारे खोलीबाहेर ठेवा, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेक द्या, धूर नको. त्यांनी विचारलं, "शेक चालंल?" चालेल म्हणाले. मग हलक्या आवाजात, "तवा गॅसवर का चुलीवर?" मी म्हटलं गॅसवर. इथे मात्र त्या हसल्या.

दमा होईल का?

वडिलांनी जाताना एकच विचारलं. आरएसव्ही झालेल्या मुलांची छाती पुढे वाजते, हे खरं. २००२ सालच्या उंदरांवरच्या एका अभ्यासात पहिला संसर्ग कोणत्या वयात झाला यावर पुढच्या संसर्गातली सूज ठरली: जन्मल्या जन्मल्या झालेल्यांना पुढच्या वेळी ॲलर्जीच्या धर्तीची सूज आली, उशिरा झालेल्यांना नाही. माणसात नेमका आमच्या बाळासारख्यांवर, ३३ ते ३५ आठवड्यांच्या ४२९ बाळांवर, नेदरलँड्समध्ये प्रयोग झाला. निम्म्यांना आरएसव्हीविरुद्धची तयार प्रतिपिंडं टोचली. पहिल्या वर्षी त्यांचे छाती वाजण्याचे दिवस ६१ टक्क्यांनी कमी भरले. पण सहाव्या वर्षी फुंकर मारायला लावून फुफ्फुसाची ताकद मोजली तेव्हा दोन्ही गट सारखेच निघाले.

वडिलांना मी हे असंच सांगितलं. दोनतीन वर्षं सर्दी झाली की छाती वाजेल कदाचित, त्यावरून दम्याचा शिक्का मारून घेऊ नका, आणि घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती बंद. ते खाली बघायला लागले. शर्टाच्या खिशात पाकीट दिसत होतं.

कार्ड

आता आमच्या डिस्चार्ज कार्डावर दोन तारखा असतात. जन्मतारीख आणि खाली, चौकटीत, दिवस भरायची तारीख. गर्दी टाळायचा काळ, वजन-उंचीचा तक्ता, मान कधी धरेल, हे सगळं चौकटीतल्या तारखेपासून मोजायचं, असं सिस्टर तोंडी सांगते आणि घरच्यांकडून परत म्हणवून घेते.

पहिलं नवं कार्ड याच बाळाचं. डिस्चार्जनंतर दहा दिवसांनी आजी-आजोबा त्याला दाखवायला घेऊन आले. वजन ३ किलो ३० ग्रॅम, छाती स्वच्छ, नाक थोडं चोंदलेलं. लशीचं पान कोरंच होतं. दीड महिन्याच्या लशी आधी गणपतीत राहिल्या, मग आजारात. मधे आशाताई स्वतः दारात येऊन गेली होती.

"मग टोचून का नाही घेतलं?"

"परत पाठवली तिला," आजी ठसक्यात म्हणाल्या, "दीड महिना कुठं झालाय त्याला? तुमीच म्हनला न्हवं, चौकटीतल्या तारखंपास्नं मोजायचं."

लशी जन्मतारखेपासूनच द्यायच्या असतात, कमी दिवसांच्या बाळालाही. शिकवणीचं घड्याळ हवेबरोबर सुरू झालेलं असतं, आणि आईकडून मिळालेला साठा कमी असल्याने अशा बाळाला लशीची घाई उलट जास्त असते. मी हे सगळं समजावून सांगत होते आणि आजोबा कार्डावरच्या दोन तारखांवरून आळीपाळीने बोट फिरवत होते. शेवटी त्यांनी माझं पेन मागून घेतलं, जन्मतारखेपुढे सुईचं छोटं चित्र काढलं आणि चौकटीपुढे एक बंद दार. सिस्टरने त्या कार्डाचा मोबाईलवर फोटो काढून घेतला आणि पेंटाव्हॅलंट आणायला फ्रिजकडे गेली.